लिंबातलं आम्ल

मुलगी बघायला येऊन परीक्षा घेणारे पाहिलेत कधी? मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली, तसे सरकारी नोकरीपायी नागपूरहून आम्हीही तिथल्या टी. टी. नगरात आलो. इकडे मराठी स्थळं मोजकीच. त्यात माझ्या लेकीला, कुसुमला बघायला आला रसायनशास्त्राचा मास्तर. पोहे खाता खाता विचारतो, "लिंबात कोणतं आम्ल?"

"सायट्रिक."

"चिंचेत?"

"टार्टारिक. आता मी विचारते. दह्यात?"

मास्तर पोहे चिवडू लागला. त्याची आई फणकारली, "मुलीनं उलट विचारू नये. आम्हाला गोड स्वभावाची हवी."

मी म्हटलं, "मग हलवायाकडे जा."

आता उठतील वाटलं, तर मास्तर बशी पुढे करून म्हणतो, "जरा लिंबू मिळेल?"

कुसुम म्हणाली, "आधी दह्याचं सांगा."