निळी रेघ

(कार्टून सिनेमे काढणाऱ्या कंपनीची मागची खोली. मालक आणि त्याची धाकटी बहीण.)

दादा: चिमे, एवढं शेवटचं कर. उद्या सत्कारात स्टेजवर डुबक्या बेडूक काढून दाखवा म्हणतायत.

चिमी: मग काढ की. मुलाखतींत चाळीस वर्षं तूच काढतोयस त्याला.

दादा: टोमणे नकोत गं, दमलोय मी. निळ्या पेन्सिलीनं पुसट काढून दे, वरून मी काळ्यानं गिरवीन. लांबून कुणाला कळणार नाही.

चिमी: पूर्वी कॅमेऱ्यालाही निळी रेघ दिसायची नाही. निळं मी काढायचं, वरून पोरांनी शाई फिरवायची, पडद्यावर नाव तुझं!

दादा: आणि कॅमेरा कुणी आणला? त्या भट्टीसारख्या गॅरेजमध्ये चौदा माणसं कुणी बसवली? थिएटरवाल्यांचे उंबरठे झिजवले मी! बेडकाचं कार्टून कोण बघणार म्हणून तोंडावर हसायचे.

चिमी: कुठं नाही म्हणतेय? तू नसतास तर डुबक्या माझ्या वहीतच राहिला असता. पण बेडूक माझा होता रे दादा. एकदाही म्हणाला नाहीस.

दादा: पहिल्या सिनेमाला घाईत राहून गेलं.

चिमी: आणि पुढच्या बाविसांना?

दादा: नंतर लाज वाटायला लागली. जितकं लांबलं, तितकं तोंड उघडेना. खेळणी निघाली, त्याच्या नावाची बाग झाली, दारात त्याचा पुतळा बसला. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?

चिमी: मलाही राग धरून धरून कंटाळा आलाय. आण तो कागद. पेन्सिलींचा डबापण दे.

दादा: हा घे. काढ तू.

चिमी: हं. पाय जरा आखूड झालेत, पण आहे तोच. घे.

दादा: अगं बाई, हे काय केलंस! थेट काळ्यानं काढलास? आता मी काय गिरवू?

चिमी: काही नको गिरवूस. खाली कोपरा मोकळा ठेवलाय. तिथं उद्या सगळ्यांदेखत नाव लिही. कुणाचं ते तुझं तू ठरव.

दादा: चिमे...

चिमी: बोल.

दादा: लग्नानंतर तू आडनाव कुठलं लावतेस गं?