रखमाजी गवंड्याची भिंत

ऐका. जरा जवळ सरका. आन त्या शेकोटीत लाकूड सारा कुणीतरी.

माळावरचा मोटारींचा कारखाना ठावं हाय ना? ओसाड पडलेला? हां, तोच. तिथं पुण्याहून एक बाई आल्या व्हत्या. अनघाबाई. कुठली भिंत आधी उठली, कुठली मागनं जोडली, ह्याचा अभ्यास करायच्या. माझा मेव्हणा हैबती, त्याच्या घरी उतरल्या. दिवसभर कारखान्यात हिंडल्या, आन दिवेलागणीला म्हणतात, "हैबतीभाऊ, अंधार पडला की परत जायचंय. बॅटरी भिंतीला तिरपी धरली की सांधा उठून दिसतो. उन्हात नाही दिसत."

हैबतीची बायको म्हणाली, "जाऊ नगासा बाई. तिथं रखमाजी हाय." ऐकतंय कोण! निघाली दोघं, येड्या बाभळीतनं, काळोखात.

आता हा रखमाजी कोण? गवंडी. कारखान्याची पहिली शेड त्याची, काळ्या दगडाची. लई नाव झालं त्याचं. मग मालकानं तिला लागून मोठी शेड काढली, आन काम दिलं भिवाला. भिवा म्हंजे रखमाजीचा साडू! झालं. पोटात दुखाय लागलं. भिवानं विटांच्या अशा कमानी उठवल्या, लोक माना वर करून बघायचे. उद्घाटनाला हार पडला तो भिवाच्या गळ्यात. घरी बायको काय म्हणाली? "आमच्या बहिणीनं नशीब काढलं बाई!" त्याच रात्री रखमाजी पहार घेऊन कमान पाडाय चढला. आन खाली आला तो मेलेलाच.

भिवा? तो म्हातारा होऊन सुखानं गेला की! तेच तर ह्याला सोसंना.

तर दोघं आत गेली. सामसूम. मोटारींचे नुसते सांगाडे गंजत पडलेले. बाईंनी दगडी भिंतीवर खडूनं लिवलं, 'आधीची'. कमानीखाली लिवलं, 'नंतरची'. आन वर बघून म्हणाल्या, "वा! काय हात होता या माणसाचा!"

बस्स. एका सांगाड्याचा हॉर्न वाजला. पोंऽऽ! आरं, हॉर्नच नव्हता त्याला!

हैबती म्हणाला, "बाई, चला." बाईंनी बॅटरी फिरवली. कमानीखालचं 'नंतरची' पुसलेलं. पार पुसलेलं! आन तिथं थुंकी. ओली!

मग थापीचा आवाज. टक. टक. टक. हैबती दाराकडं पळाला. दार कुठाय? दारात भिंत! चुना ओला, बोट घातलं तर रुतंल असा. मागं वळतोय तर बाईंच्या भवतीनं विटा चढाय लागलेल्या. हात न्हाई, माणूस न्हाई, नुसती वीट येती आन बसती. गुडघ्याला आली. कमरेला आली. आन कानाशी आवाज, "कुणाचं काम चांगलं?"

हैबती बोंबलला, "तुमचं! रखमाजीबुवा, तुमचंच!"

"खोटं!" छातीला आली भिंत. "मघाशी वा कुणाला म्हणाली ती?"

बाईंच्या हातात बॅटरी व्हती. तिचा उजेड कोपऱ्यात पडला, जिथं दगड आन वीट भेटतात तिथं. बाईंना दिसलं. वरडल्या, "तुमची भिंत बघा! मोठ्या शेडला या अंगानं स्वतःची भिंतच नाही. कमानी तुमच्या दगडावर टेकल्यात. तुमची भिंत आहे म्हणून त्या उभ्या आहेत!"

थापी थांबली.

हैबतीला वाटलं, सुटलो. आता खूश हुईल. आरं, कसला खूश! आवाज आला, अगदी हळू, "माझ्या जिवावर? माझ्या जिवावर हार घेतला त्यानं?"

आन त्या कोपऱ्यातला एक दगड हालला. स्वतःची भिंत, बाबांनो! स्वतःच्या हातानं घडवलेला दगड न् दगड उपसाय लागला. धाड! धाड! वर कमान कराकरा वाजली. इकडं विटा ढिल्या पडल्या. हैबतीनं बाईंना बखोटीला धरून वढलं, दारातली ओली भिंत खांद्यानं फोडली, आन दोघं बाहेर पडतात न पडतात तोच अख्खी शेड बसली. धुरळा पार गावापर्यंत आला. हैबतीच्या टाचंवर वीट पडली, अजून लंगडतोय बघा तो.

सकाळी लोक गेले. भिवाच्या कमानींचा ढीग, आन त्याच्याखाली रखमाजीची काळी भिंत, पार भुईसपाट. बाई ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, "त्या दगडी भिंतीसारखी भिंत मी कुठंच पाहिली नव्हती. पुढे हेच सांगणार होते, पण त्यानं ऐकूनच घेतलं नाही."

तर पोरांनो, बाजाराला जाताना ओढ्याकडनं जा. लांब पडंल, पडू दे. माळावरची वाट धरू नका. अजून तिथं थापी वाजती, आन कानाशी येऊन कुणीतरी विचारतंय, "भिवाचं काय उभं ऱ्हायलंय का रं?"