भिंत त्यांची, पत्रा आमचा

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं तनू, तू व्हय! थांब, थांब, पत्र्यावर पाऊस वाजतोय, काय ऐकू येईना. पुढच्या दाराशी येते… हां, बोल आता.

जेवलीस का? … नुसत्या वरणभातानं काय होतं गं? सातवा लागला आता. सुमनताईंना म्हणावं जरा… बरं बरं, न्हाई म्हणत. सासू चांगली हाय तुझी, मी कुठं काय बोलले.

आप्पा? … तुझे आप्पा वर हायत. … वर म्हंजे पत्र्यावर! … अगं पावसातच. पावसातच कळतं म्हणे, कुठनं येतंय ते. तुझा कॉलेजातला गुलाबी रेनकोट घातलाय अन् हातात डांबराचा डबा. समोरच्या भिमाबाई खिडकीतनं बघून पोट धरून हसतायत.

… व्हय, गळतंय. … तीच. मागची खोली. तुझीच.

… अगं ऐक ना… ऐक तरी. व्हय, रंग दिलाय. आप्पांनी रजा टाकून दिला. फिकट पिवळा, तुला आवडतो तसला. पण काकांच्या घराच्या बाजूनं सगळा फुगून आलाय. हात लावला की पापुद्रे पडतात.

… कुठनं म्हंजे काय, नेहमीचीच जागा. मागचं अंगण झाकून तुझी खोली केली, तवा पत्रा टाकला न्हाई का आपण? तो जिथं काकांच्या भिंतीला टेकतो, तिथनं. त्यांची तीन मजली भिंत. पाणी वरनं वाहत येतं अन् त्या सांध्यातनं सरळ आत.

… केलं की! एम-सील झालं. सिमेंट झालं. टीव्हीवर दाखवतात ते पांढरं औषध झालं. परवा गाडीच्या काचेला लावतात तसलं सिलिकॉन आणलं, ते बी चोपडून झालं.

… तेच तर म्हणते मी! जल्मभर हे चाकणच्या कारखान्यात नव्या गाड्यांवर पाण्याचे फवारे मारून तपासतात, आत थेंब गेला तर गाडी माघारी. अन् घरात… हसू नको गं. मला बी आधी हसूच येतं. मग रडू येतं.

… मिस्त्री? आणला होता की. … न्हाई सांगितलं तुला, मुद्दामच. भोसरीचा हाय, समाधान नाव. त्यानं बघितलं अन् म्हणला, वरनं किती बी चोपडा, उपेग न्हाई. भिंतीत खाच मारायची, पत्र्याची पट्टी त्यात बसवायची अन् खाच बुजवून टाकायची. म्हंजे भिंतीवरचं पाणी पट्टीवरनं पत्र्यावर उतरतंय. दुपारपर्यंत काम उरकतं म्हणला.

… तेच ना. भिंत त्यांची.

… अगं इचारलं! मीच गेले होते, हे फर्स्ट शिफ्टला असताना. … लपून म्हण, काय बी म्हण. जाऊबाईंनी च्या दिला. किती वर्षांनी त्या घरातला च्या प्याले मी! अन् काका म्हणले, "वहिनी, तनू बाळंतपणाला यायचीय ना? मग मारा खाच. ती काय परक्याची हाय का?" … हां, अगदी असंच म्हणले. मला तर तिथंच भरून आलं.

… मग काय व्हायचं! मिस्त्री आला, भिंतीवर खडूनं रेघ मारली, मशीन सुरू केलं, अन् तुझे आप्पा दारात. त्याच दिवशी लवकर सुटले. नशीबच तसलं आमचं. आल्या आल्या प्लग काढला.

… न्हाई, भांडले न्हाईत. भांडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणले, "वाटणीच्या दिवशी भावकीसमोर शब्द दिलाय, आईच्या पायाला हात लावून. भावाच्या भिंतीला माझा खिळा बी लागायचा न्हाई." अन् काका वर गॅलरीत उभे होते गं. सगळं ऐकत होते.

… काका व्हय? आत गेले अन् दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाई कुजबुजल्या, "ताई, आता परत इचारू नका. ह्यांच्या लई मनाला लागलंय."

… तू न्हाई फोन करायचा काकांना. … न्हाई म्हंजे न्हाई, तनू! … अगं, तू मागितलंस तर ते देतील बी. पण हे घेणार न्हाईत. ह्यांचा शब्द! जीव जाईल, शब्द जायचा न्हाई. अन् पोरीसाठी जीव टाकतात म्हणूनच भर पावसात वर चढून बसलेत. काय करू मी ह्या माणसाला?

… आवाज? … तो व्हय… घमेलं ठेवलंय आत. … कुठं म्हंजे… अगं, बाळाची झोळी टांगायला आप्पांनी वरच्या लोखंडी अँगलला कडी बसवली ना? पाणी त्या अँगलवरनं पळत येतं अन् बरोबर कडीवरनं टपकतं.

… तनू? … अगं रडती काय?

… ऐक माझं. नीट ऐक. तू तिकडंच ऱ्हा, सासरी, पिंपळे सौदागरला. … सुमनताईंना मी सांगते. दवाखाना तिथनं जवळ पडतो म्हणून सांगते. … मला बी म्हाईत हाय, पहिलं बाळंतपण माहेरात असतं. मी काय हौसेनं सांगते? … म्हणू दे लोकांना. ओल्या खोलीत तान्ह्या जिवाला कशी निजवू गं? छातीत भरलं म्हंजे? … पुढची एकच खोली, तिथंच गॅस, तिथंच आमी दोघं. तुला कुठं ठेवू?

… मी येईन की तिकडं. डिंकाचे लाडू आणीन, बाळाला न्हाऊ घालीन. … न्हाई बाई. तुझ्या आप्पांना पाहुण्याच्या घरी करमायचं न्हाई. ते न्हाई यायचे.

… आत्ता काय सांगू नको त्यांना. मी सांगीन कधीतरी. खाली उतरले की रोज पहिलं हेच इचारतात, पोरगी कवा… थांब. शिडी वाजली.

अहो, हळू! पाय सरकंल… व्हय, तनूचाच. … काय? … व्हय. … व्हय, येतीय म्हणती. पुढच्या महिन्यात. … आत्ता न्हाई बोलता येत तिला, उचकी लागलीय. … बरं, सांगते.

तनू, आप्पा म्हणतायत, ह्या टायमाला एकदम पक्कं बसलंय. थेंब यायचा न्हाई.

… ठेवते गं. घमेलं भरलं.