एका नोंदीपुढची लाल खूण

आदरणीय अध्यक्षमहोदय, मंचावरील डॉक्टरमंडळी, प्रयोगशाळेतले सहकारी आणि चहाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या मागच्या रांगेतल्या मित्रांनो,

बावीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक झाली नाही, असं मघाशी मला निरोप देताना अध्यक्ष म्हणाले. आभारी आहे, पण हे विधान दुरुस्त करावं लागेल. खोडच आहे माझी.

मी इथे टंकलेखक म्हणून लागलो. बुरशीचा जनुकसंच म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत वाचून शिकलो. आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक जनुकसंचाशेजारी, ती बुरशी ज्या रुग्णात सापडली त्याचं वय, औषध आणि परिणाम असतो. नाव नसतं. जगातला कुठलाही डॉक्टर ते पाहू शकतो. परिणामाचा रकाना रिकामा राहिला, की नोंदीपुढे लाल खूण येते.

माझ्या एकोणीस हजार नोंदींत अशी एकच खूण होती. शेजारच्या टेबलावरच्या ताई चिडवायच्या, "काय हो भाऊ, तुमची लाडकी अजून लालच?"

"रुग्णालयाकडून कळलं नाही हो, ताई."

कळलं होतं. फुप्फुस, स्त्री, वय सत्तेचाळीस. ती माझी पत्नी. रकाना भरला, की ती नोंद संपणार होती. सहा वर्षं सकाळी आल्या आल्या मी तीच आधी उघडायचो. घरी तरी आता कोण होतं?

गेल्या महिन्यात दूरच्या एका डॉक्टरांचं पत्र आलं. "हाच प्रकार आमच्या रुग्णात सापडलाय. तुमच्या नोंदीतलं औषध आज सुरू करतोय. गुण आला होता ना?"

आज! नोंद उघडली. मग रकान्यातही आणि त्या डॉक्टरांनाही लिहिलं : गुण नाही. एकोणिसाव्या दिवशी मृत्यू.

खूण गेली. ताई म्हणाल्या, "सुटली बाई एकदाची!" मी मान हलवली.

त्या डॉक्टरांनी औषध बदललं. रुग्ण उठून बसला, असं परवा कळवलं त्यांनी. पण पत्र न पाठवता तो रिकामा रकाना पाहून गेलेले किती असतील? ते मला कधीच कळणार नाही.

ताई, उद्यापासून नोंदी तुमच्याकडे. सकाळी जमलं तर ती एक उघडून बघत जा. करायचं काही नाही.

आपण सर्वांनी प्रेमाने ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी. रकान्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही. ती चूक माझ्या नावावर लिहून ठेवा, तारखेसकट.