पिवळ्या गाडीचं नाक

बाबा : ती नळी खाली ठेव.

मुलगी : बाबा, एकच थेंब लागतो. दिसतसुद्धा नाही.

बाबा : खाली ठेव म्हटलं ना. ठोकळ्यांच्या गाडीला गोंद लावायचा नसतो. तुझ्या आईने चोवीस गाड्या केल्या, या खोलीत थेंबभर गोंद आला नाही.

मुलगी : ती होती तेव्हाची गोष्ट वेगळी. आता एखादा तुकडा पडला, तर तो कुठला हे कोण सांगणार?

बाबा : मी.

मुलगी : तुम्ही जन्मभर खऱ्या गाड्यांचे पत्रे ठोकलेत. हे तिचं होतं.

काचवाला : ताई, पेटी कुठे ठेवू? हात भरून आले माझे.

बाबा : हे कोण आता?

मुलगी : काचवाले. मीच बोलावलंय. आईच्या शेवटच्या गाडीसाठी काचेची पेटी करून घेतली. तिच्या फोटोखाली लावायची, भिंतीवर.

बाबा : मला न विचारता?

मुलगी : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

बाबा : म्हणजे उत्तर ठाऊक होतं तुला.

काचवाला : मी जिन्यात थांबू का?

बाबा : तुम्ही कशाला? बसा. पेटी पलंगावर ठेवा.

काचवाला : ओळखलं नाहीत, उस्ताद? तुमच्या गॅरेजात पुढच्या काचा बसवायला यायचो मी.

बाबा : अरे हो! तेव्हा केस होते तुम्हाला.

काचवाला : तुम्हालाही होते.

बाबा : बरं, आणि हे खण कुणी उपसले?

मुलगी : मीच. गेल्या रविवारी तुम्ही झोपला होतात तेव्हा. सगळं एकात एक कालवलेलं होतं. रंगाप्रमाणे लावून ठेवलं. पिवळे इकडे, काळे तिकडे.

बाबा : रंगाने! अगं, पिवळ्यांच्या ढिगात पिवळी बिजागरी कशी सापडायची? ठोकळे आकाराने लावायचे. बिजागऱ्या एका खणात असल्या की त्यातली पिवळी आपोआप दिसते. चार दिवस मी खुळ्यासारखा चाळतोय.

मुलगी : चार दिवस? कशासाठी?

बाबा : गाडीचं नाक काढायचंय. नवीन करायचंय.

मुलगी : कुठल्या गाडीचं?

बाबा : इथे दुसरी कुठली दिसतेय तुला?

मुलगी : तुम्ही आईची गाडी मोडणार?

बाबा : मोडणार.

मुलगी : बाबा, चोवीसांतली एवढी एकच उरलीय!

बाबा : बाकीच्या तेवीस कुठे गेल्या, माहीत आहे? सगळ्या हिच्यात आहेत. ट्रक मोडून तिने जीप केली, जीप मोडून बस. आगीच्या बंबाचा सेट आणला, सूचनांचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, रद्दीत टाका. त्या बंबाची शिडी या गाडीच्या बंपरमध्ये आहे. ठोकळा बसून राहिला की तिला चैन पडायचं नाही. आणि तू तिची गाडी कोंडून ठेवणार!

मुलगी : मला तिच्या हातचं काहीतरी हवंय. बस्स. हे छत बघा, कुठे फट आहे का? तिच्या बोटांचं काम आहे ते.

बाबा : ते छत मी बसवलं.

मुलगी : काय?

बाबा : तिच्या बोटांत जोर कुठे राहिला होता? शेवटचे चार महिने ती पडून सांगायची आणि मी दाबायचो. छत तीनदा उतरवायला लावलं मला. "अहो, पत्रा नाही हा, हळू." स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, बघितलंस? आठ गुंड्यांची रुंदी आहे गाडीची, वरचे हे उंचवटे मोजायचे, त्याला ती गुंड्या म्हणायची. त्या आठ गुंड्यांत ते सगळं कसं मावेल, हे तिने डोळे मिटून सांगितलं. हात माझे होते. तिचं त्यात काही असेल तर माझ्यावरचं ओरडणं.

मुलगी : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

बाबा : तू आलीस की औषधांचं विचारायचीस.

काचवाला : बाई हुशार होत्या.

बाबा : होत्याच. ऐका पुढचं. नाक राहिलं होतं. ते मी एकट्याने केलं, अगदी आपल्या जुन्या पिवळ्या गाडीसारखं, आणि तिच्यासमोर धरलं. बघितलं आणि म्हणाली, "हे नाही. काढा ते." मी विचारलं, काय चुकलं? तिला दम लागला होता. माझ्याकडे बघून तिने एक डोळा मिटला. मला वाटलं, कळ आली. धावत नर्सला बोलवायला गेलो. त्यानंतर ती नीट बोललीच नाही.

मुलगी : बाबा...

बाबा : एक काम सांगून गेलीय ती. "काढा ते." ते न करता मी रोज सकाळी उठून त्या काचेकडे बघत बसू? नाही बसणार. लोक म्हणतात, म्हातारा खेळण्यांत रमलाय. म्हणू देत. सरक जरा, उजेडात येतेस.

मुलगी : थांबा.

बाबा : आता काय? अरे... हे निघत का नाही?

मुलगी : बाबा, थांबा ना.

बाबा : दिवा हलत नाही. बॉनेट हलत नाही. काय केलंस?

मुलगी : फक्त पुढचाच भाग केलाय. रविवारी पुसताना एक दिवा निखळला, पलंगाखाली गेला. शोधून लावला तर राहीना. वाटलं, माझ्याच हातून आईचं सगळं सुटं होणार. म्हणून नळी आणली.

बाबा : सगळी गाडी सोडून नेमकं नाकच चिकटवलंस!

मुलगी : मला काय माहीत, तेच काढायला सांगितलं होतं ते!

बाबा : पकड दे.

मुलगी : तुकडे होतील.

बाबा : होऊ देत. चेपलेली नाकं कापून काढायचाच धंदा होता माझा. तुझ्या गोंदाला मी घाबरतो होय? दे इकडे.

काचवाला : बाप रे! केवढ्याने वाजलं. गेलं की हो सगळं.

बाबा : गेलं नाही. निघालं. मागचं सगळं शाबूत आहे, बघा. स्टिअरिंग फिरतंय. आता रडत बसू नकोस, पिवळे तिरके ठोकळे शोध. तूच लावलेत ना रंगाने.

(बराच वेळ फक्त खणांचा आणि ठोकळ्यांचा आवाज.)

बाबा : झालं. बघ. दोन्ही दिवे एका ओळीत, बॉनेटची कड सरळ. आपली गाडी हुबेहूब अशीच होती. तू शिकताना खांबावर घातलीस, आठवतं?

मुलगी : आठवतं.

बाबा : त्या गाडीचं नाक बाजारात मिळेना. दोन आठवडे खपून साध्या पत्र्यातून ठोकून काढलं मी. एका सुतात, सरळ!

मुलगी : हं.

बाबा : हं काय?

मुलगी : छान झालंय.

बाबा : हा आवाज ओळखतो मी. तुझी आई याच आवाजात छान म्हणायची.

काचवाला : ती पिवळी ना, उस्ताद? बाई चालवायच्या, ती डोळा मारणारी?

मुलगी : काका, तुमची पेटी घसरतेय बघा.

काचवाला : कुठे? नीट तर आहे.

बाबा : कोण डोळा मारणारी?

काचवाला : गाडी हो! डाव्या दिव्यावर पत्रा जरा उतरलेला होता ना? समोरून आली की वाटायचं, डोळा मारतेय. आमच्या गल्लीत तिचं तेच नाव पडलं होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तसं केलंय.

बाबा : माझ्या हाताखालून वाकडं काम गेलेलं नाही.

मुलगी : बाबा.

बाबा : पट्टी लावून तपासलं होतं मी!

मुलगी : एवढं एकच गेलं, बाबा. आईला पहिल्याच दिवशी दिसलं. पण तुम्ही इतके खूश होतात, शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होतात. आई म्हणाली, यांना सांगायचं नाही हं. मग फाटकातून निघताना आम्ही दोघी त्या गाडीला डोळा मारायचो.

बाबा : किती वर्षं?

मुलगी : विकली तोपर्यंत. अकरा.

बाबा : अकरा वर्षं. आणि मला कुणी एका शब्दाने बोललं नाही.

मुलगी : तिने सांगितलं की. शेवटी.

बाबा : आणि मी नर्सला आणायला पळालो.

मुलगी : तुम्हाला कसं कळणार होतं?

बाबा : हसत होती का गं ती? मी नीट बघितलंच नाही.

मुलगी : हसतच असणार. तुमच्यावर हसायची संधी सोडली कधी तिने?

काचवाला : माझं काही बोलायचं चुकलं का, उस्ताद?

बाबा : नाही. बसा तुम्ही. आणि पेटी परत नेऊ नका, मला लागेल. ठोकळे ठेवीन तिच्यात. आकाराने.

मुलगी : मी लावून देते परत.

बाबा : ते नंतर. डावा म्हणजे कुठला? समोरून बघताना, की आत बसल्यावर?

मुलगी : आत बसल्यावर.

बाबा : मग एक पट्टी दे. ठोकळा नको. त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पातळ असते ती. आणि बिजागरी.

मुलगी : ही?

बाबा : हीच. जन्मभर वाकडं सरळ केलं. आता मुद्दाम वाकडं करायचंय, तर हात ऐकत नाही बघ. हं. आता सांग. आणि छान म्हणू नकोस.

मुलगी : हे नाही, बाबा. अजून एक पट्टी खाली घ्या.