घाबरले, पण चौसष्ट!

...नाही, तुम्हीच सांगा, पोरगी पलंगावरून खाली पडलीय, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलंय, ती भोकाड पसरतेय, मी तिच्यावर किंचाळतेय, आणि नवरा काय करतो? आधी माझं मनगट धरतो, त्यावरच्या घड्याळात माझी नाडी बघतो आणि म्हणतो, "चौसष्ट! अगं, तू तर एकदम शांत आहेस!" शांत? अरे, शांत गोळी आहे, मी नाही!

तुम्हाला सांगते, बाळंतपणानंतर माझं हृदय एकाएकी धावायला लागलं. बसल्याजागी, पोरीला पाजताना, काही कारण नसताना धाडधाड धाडधाड... सासूबाई म्हणाल्या, "हल्लीच्या मुलींना मेली काळजीची सवयच. आम्ही नाही का पोरं वाढवली?" वाढवलीत ना, त्यातलंच एक बघतेय की रोज! आता काळजीची सवय मला आहे, नाही कशाला म्हणू? पोरगी झोपली की श्वास चाललाय ना ते बघते, आणि खात्री पटावी म्हणून तिला उठवते. त्यामुळे मलाही वाटलं, असतील मनाचे खेळ. मग नवऱ्याने हे नाडी मोजणारं घड्याळ आणलं. त्यात दिसले एकशे ऐंशी, आणि गडी असा हादरला की दवाखान्यात शिरताना पोरगी त्याच्या हातात उलटी होती!

तिथले हृदयाचे डॉक्टर. चेहरा असा, जणू आमचा फ्रिज बिघडलाय. "हृदय विजेवर चालतं. तुमच्यात एक जादा वाट आहे, वीज तिथे गोल गोल फिरत बसलीय. इंजेक्शनने ते चक्र तोडू, की हृदय आपोआप ठेक्यावर येईल. थोडं अस्वस्थ वाटेल हं." थोडं? अहो, हृदय चार क्षण थांबतं! छातीवर हत्ती, डोळ्यांपुढे अंधार, मी मनातल्या मनात पोरीला सासूबाईंच्या हवाली केलं आणि त्या विचारानेच दचकून परत आले! वर डॉक्टर म्हणतात, "बघा, इंजेक्शनने काम केलं." श्रेय घ्यायला बरे पुढे!

पुन्हा तसं होऊ नये म्हणून मग ही रोजची गोळी. आपण घाबरलो, चिडलो की शरीर हृदयाला "पळ, पळ" म्हणून हाका मारतं ना, त्या ही गोळी हृदयाच्या कानावर पडूच देत नाही. हाका चालू, भीती चालू, हृदय आपलं डुलत डुलत चाललंय. औषध उत्तम आहे हो, माझं भांडण औषधाशी नाही. माझं भांडण या घड्याळवाल्याशी! दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास, मी ओरडतेय... "चौसष्ट." पोरीला ताप, मी रडतेय... "सहासष्ट. काही नाही गं, उगाच." सासूबाई तर डॉक्टरांना म्हणाल्या, "गोळी बंद करू नका हं, सूनबाई किती समंजस झाली!" अहो, शांत गोळी आहे, मी नाही! आणि खरी लाजेची गोष्ट म्हणजे आता मलाही शंका येते. रडतेय, पण चौसष्ट... मग मी खरंच रडतेय ना?

तर ते टेंगूळ. मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, नशिबाने नुसतंच टेंगूळ निघालं. तशीच नवऱ्याला ओढत माझ्या डॉक्टरांपुढे उभं केलं. "सांगा याला!" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, या गोळीवर असताना नाडीवरून बायकोची भीती मोजतात का? समोर वाघ आला तरी नाडी फारशी वाढायची नाही."

नवरा गंभीर. "म्हणजे हिच्या मनगटावर घड्याळाचा उपयोग नाही?"

"भीती मोजायला? अजिबात नाही."

मी म्हटलं, सुटले! घरी आल्या आल्या त्याने घड्याळ काढलं माझ्या मनगटावरून... आणि बांधलं स्वतःच्या.

काल पोरीला भरवताना जोराचा ठसका लागला. मी नुसतं "अरे, इकडे ये!" म्हणून ओरडले. आला, माझं तोंड पाहिलं, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि पांढराफटक पडला. "एकशे तीस! अगं, केवढी घाबरलीयस तू!" पोरीला उचलून पायात चप्पल न घालता दवाखान्याकडे पळाला. ती त्याच्या खांद्यावर खिदळतेय!

बसला, बसला एकदाचा विश्वास. तक्रार करायला जागाच नाही. फक्त माझी भीती खरी ठरायला हृदय लागलं, तेही नवऱ्याचंच!