बिनभात्याची पेटी

नाही पण मला एक सांगा, पेटी म्हणून घरात आणलेल्या वस्तूला आवाजच नसेल तर माणसानं तिचं करायचं काय? पांढऱ्या पट्ट्या दाबल्या, काळ्या दाबल्या, वरती रबराच्या चौकोनी वड्या आहेत त्या दाबल्या, शेजारी गोल गोल कान आहेत ते पिळले... ढिम्म! कोपऱ्यात एक दिवा तेवढा लुकलुकतोय. गंधालीला फोन लावला. गंधाली म्हणजे आमची मुलगी, पवईला कंपनीत आहे, तिनंच हे प्रकरण टेबलावर आणून ठेवलं आणि मीटिंग आहे म्हणून पळाली. म्हटलं, 'अगं, दुकानदारानं तुला बंद पडलेली दिलीय!' तर म्हणते कशी, 'बाबा, तो मिडी कीबोर्ड आहे. त्याला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी दाबली ते तो लॅपटॉपला नुसतं कळवतो, आवाज लॅपटॉप काढतो.' म्हणजे बघा हां! दाबायचं इथं, निरोप जायचा तिथं, आणि गाणार तिसराच! तुम्हाला सांगतो, हयात गेली पेटी वाजवण्यात, पण स्वतःचा आवाज नसलेली पेटी मी पहिल्यांदा बघितली.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, मग तुमची जुनी पेटी काय भंगारात घातलीत? छे हो! ती आहे की, कपाटाशेजारी, झाकण लावून. पेटी ठणठणीत आहे, वाट लागलीय ती माझी. झालं काय, बँकेतनं रिटायर झालो, हारतुरे घेऊन घरी आलो, म्हटलं आता दिवसभर पेटी! आणि पुढच्याच वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, जीभ सुधारली, जीभ जरा जास्तच सुधारली असं आमची कुंदा म्हणायची, पण डावा हात काही वळेना. आणि पेटीला डावा हात म्हणजे भाता! उजवा नुसता मिरवतो हो, वाहवा घेतो, पण हवा भरतो तो डावा. भाता नाही तर हवा नाही, आणि हवा नाही तर तुम्ही केवढेही मोठे वादक असा, लाकडाच्या खोक्यावर बोटं आपटत बसा!

तेव्हा कुंदानं काय केलं माहितीये? आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी आमच्याच घरी जमतं, मुलुंड पूर्वेला, तळमजला आहे ना, म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं. तर त्या गुरुवारी मी कोपऱ्यात तोंड पाडून बसलो होतो, सोनूबाई, आमच्या मुख्य गाणाऱ्या, मोबाइलवर तानपुरा शोधत होत्या, आणि ही स्वयंपाकघरातनं आली, पदराला हात पुसले, पेटी माझ्यापुढं सरकवली, पलीकडच्या बाजूला फतकल मारून बसली आणि भात्याला हात घातला. 'हं. वाजवा.' बास! एवढंच. तेव्हापासून बोटं माझी आणि वारा हिचा.

समोरासमोर बसायचो हो! लग्नात अंतरपाट खाली घेतला तेव्हा जेवढी समोर दिसली, त्यानंतर संसारात एवढी समोर कधी आलीच नव्हती. कायम पाठमोरी, ओट्याशी. आणि भाता काय सरळ मारेल होय? मी जरा रंगात आलो, एखादी बारीकशी जागा घेतोय, की ही हळूच, 'अहो, सकाळी आमटीत काहीतरी कमी आहे म्हणालात ना?' झालं! भाता ढिला! माझा पंचम असा कण्हायला लागायचा की सोनूबाई डोळे वटारून माझ्याकडं बघायच्या. माझ्याकडं! हिच्याकडं नाही! कधी मूड लागला की असला भाता मारायची की पेटी गरजायची आणि वरच्या मजल्यावरनं भांडायला माणूस यायचा. आणि वर एका हातानं भाता, दुसऱ्या हातानं मेथी निवडणं! भजन संपेस्तोवर जुडी साफ. पेटी उघडली की सुरांच्या खाली मेथीच्या काड्या.

गेली गेल्या वर्षी. साधा ताप म्हणून दाखवायला नेली आणि आठवड्याभरात आटोपलंच सगळं. काय सांगू तुम्हाला... घरात भांडायला माणूस नाही, आमटीत काय कमी आहे ते सांगायला माणूस नाही. आमटीत सगळंच कमी असतं आता.

तर पुढं काय, पेटी बंद. आमचे तबल्यावरचे नाना, लाख माणूस, ते म्हणाले, 'भाऊ, असं करू नका यार. भाता मी मारतो, तबल्याला दुसरा कोणीतरी बघू.' बसले समोर. मारला हो, चांगला मारला, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यासारखा जरा, पण मारला. मी षड्ज लावला, मान वर केली... आणि समोर नानांच्या मिशा! बोटंच थांबली माझी. एकदम रडू फुटलं. नाना बिचारे, 'जोरात झाला काय भाऊ? हळू मारू काय?' मी म्हटलं नाही हो नाना, भाता बरोबर आहे. झाकण लावून टाका.

आणि मग वर्षश्राद्ध जवळ आलं. सोनूबाई आल्या, बसल्या, पदर सारखा केला, म्हणाल्या, 'भाऊ, कुंदाच्या वर्षश्राद्धाला संध्याकाळी भजन ठेवूया. तुम्ही... वाजवाल ना? नाहीतर नुसत्या तानपुऱ्यावर गाऊ हो, काही बिघडत नाही.' आता 'काही बिघडत नाही' म्हटल्यावर माणूस काय करणार? म्हणून टाकलं, 'मीच वाजवणार!' तिच्या भजनाला मी नाही तर काय मोबाइल वाजणार? आणि म्हणून, तुम्हाला सांगतो, म्हणून ही स्वतःचा आवाज नसलेली बया घरात आली, कारण तिला भाता लागत नाही! एका हातानं काम भागतं!

पण मी आपला जुना माणूस. नवं वाद्य घरात आलं की आधी पूजा, नाही का? हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, चार अक्षता टाकल्या, नमस्कार केला. शनिवारी गंधाली आली, लॅपटॉपला वायर जोडली, पडद्यावर ती पेटीचं नाव शोधतेय, इनपुट म्हणे, आउटपुट म्हणे, चॅनेल म्हणे, मला वाटलं केबल टीव्ही आहे की काय, आणि शेवटी सापडलं! म्हणाली, 'बाबा, लाव सूर!' मी डोळे मिटले, कुंदाचं नाव घेतलं, आणि अलगद षड्ज लावला... ढाम्! ढोल वाजला! दुसऱ्या पट्टीवर झांज! तिसरीवर कोणीतरी टाळी वाजवली! गंधाली म्हणे, 'सॉरी सॉरी, ड्रमकिट लागलंय.' अगं तुझ्या आईचं श्राद्ध आहे, वरात नाही!

मग हार्मोनियमचा आवाज शोधला. लागला एकदाचा. तर ऐकूच येईना! का? तर म्हणे, 'बाबा, जोरात दाबायला लागतं, जेवढ्या जोरात दाबशील तेवढा मोठा आवाज.' पेटी काय दाबायची वस्तू आहे होय? आम्हाला शिकवलं, बोट पट्टीवर नुसतं ठेवायचं, बाकी भाता बघून घेईल! तिनं ते सेटिंग बदललं. तर आता दाबलं आत्ता आणि वाजलं मग! मधे निरोप अडकतोय कुठंतरी. मी एका ओळीवर, आवाज मागच्या ओळीवर! तिनं तेही कुठलंसं गणित कमी करून जागेवर आणलं. आणि मग काय व्हावं? काळी चार एकदा लागली ती बंदच होईना! आऽऽऽऽ! बोट काढलं तरी आऽऽऽऽ! पोरीनं दुकानात फोन केला, तिकडनं तो, 'मॅडम, सॉफ्टवेअर री-इन्स्टॉल करके देखिए.' केलं! परत आऽऽऽऽ! वायर बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला, सगळं परत पहिल्यापासून जोडलं, डोकं धरून बसली, इंजिनियर हो, एवढी शिकलेली पोर! मग मीच जरा वाकून बघितलं... काळी चारच्या फटीत माझी एक अक्षत. चिमट्यानं काढली. गंधालीनं माझ्याकडं असं बघितलं ना, अगदी आईसारखं.

आणि मग ती एकदम खुशीत आली. म्हणाली, 'बाबा, एक झकास आयडिया! हे डावीकडं चाक आहे ना, ह्याच्यावर आपण भाता लावू! वर ढकललं की आवाज भरेल, खाली ओढलं की कमी. अगदी खऱ्या पेटीसारखं! डाव्या हातानं तू नुसतं...' आणि थांबली. मी माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. तिनंही बघितलं. मांडीवर पडलेला होता आपला. 'पाणी पिऊन येते हं,' म्हणाली आणि आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

बाहेर आली, नाक लाल, म्हणाली, 'नको. मी आवाज एकसारखा ठेवून देते.' ठेवला. आणि काय सांगू, इतका सुंदर, इतका स्वच्छ सूर! कण्हणं नाही, रुसणं नाही, मेथीची काडी नाही. दाबलं की वाजतंय, धरून ठेवलं की वाजतंय, दिवस मावळेपर्यंत धरा, वाजतंय! स्वतःचा आवाज नसलेल्यांचा हा एक फायदा असतो बघा, कशाचं वाईटच वाटत नाही.

आला तो दिवस. सकाळी गुरुजी, पिंड, पानं वाढणं, सगळं झालं. संध्याकाळी मंडळ जमलं. भिंतीशी कुंदाचा फोटो, हार घातलेला, आणि फोटोत ती अशी बघतेय की आता म्हणेल, हा हार कुणी आणला, महाग मिळाला असेल. मी टेबलाशी, शेजारी लॅपटॉप, त्याच्या शेजारी गंधाली, हात जोडून, म्हणजे देवाला नाही, सॉफ्टवेअरला. नानांनी तबला लावला. सोनूबाईंनी कुंदाच्या आवडीचा अभंग धरला. आणि वाजायला लागलं हो! बोटं चालली! वर्षभरानं चालली! नानांनी मान डोलावली, सोनूबाईंचा आवाज चढला, मला वाटलं, जमलं, कुंदे, जमलं बघ...

आणि अंतऱ्याची दुसरी ओळ संपली, आणि सगळे थांबले.

सगळे! सोनूबाई थांबल्या, नानांचे हात तबल्यावरनं उचललेले, टाळ थांबले. आणि मशीन एकटंच, आऽऽऽऽ! गंधाली घाबरली, 'काय झालं? हँग झालं का?' हँग नव्हतं झालं गं बाई. तुम्हाला सांगतो काय होतं ते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी कुंदा हात बदलायची. उजवा खांदा भरून यायचा तिचा, मग ती भाता सोडायची, चष्मा वर सारायची, डावा हात लावायची. तेवढ्या वेळात पेटीतली हवा संपायची आणि सूर विझायचा. पहिल्यांदा सोनूबाई चिडल्या होत्या, 'अगं, सम जवळ आली की सोडतेस!' मग हळूहळू सगळ्यांनाच सवय लागली. ती थांबली की मंडळ थांबायचं, ती लागली की मंडळ लागायचं. नवीन आलेल्या बायकांना तर वाटायचं, चालच तशी आहे! आम्हीही कधी सांगितलं नाही त्यांना.

आणि त्या दिवशी, ती नसताना, सगळं मंडळ तिच्या खांद्यासाठी थांबलं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. सोनूबाई, ज्यांना पंख्याचा आवाज खपत नाही, त्या तोंडाला पदर लावून फोटोकडं बघतायत, नाना तबल्याकडं खाली मान घालून, आणि ते मशीन आपलं चालूच, आऽऽऽऽ... त्याला काय माहीत हो, इथं थांबायचं असतं? मी बोट उचललं. खोलीत अशी शांतता झाली... मी डोळे मिटले. तिनं भाता सोडला असेल, चष्मा वर सारला असेल, आता डावा हात लावेल... हं. वाजवा. मी सूर लावला, आणि सगळे एकदम उठले हो पुढच्या ओळीला, एक जण मागं नाही!

दर अंतऱ्याला तसंच. रडत होते सगळे आणि गात होते.

लोक गेल्यावर गंधाली चहा घेऊन आली, माझ्याशेजारी बसली, म्हणाली, 'बाबा, त्या जागेला आवाज आपोआप थांबेल असं सेटिंग करता येतं. करून देऊ? मग तुला लक्ष ठेवायला नको.' मी म्हटलं नको गं. तुझं मशीन चांगलं आहे, तक्रार नाही माझी, सगळं येतं त्याला. एक दमणं तेवढं येत नाही. ते आपलं माझ्याकडंच राहू दे.